लाय इ थाओ

काल रात्री काकूचा फोन आला होता. तुझी बॅग भरून झाली म्हणाली. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लसणीची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, आणि वजन जास्त होतंय म्हणून आत-बाहेर, आत-बाहेर करणारा छोटा कुकर. मी सगळं ऐकून घेतलं. पण तुला खरं सांगू का? मेतकूट दिवाळीपर्यंत पुरेल. लाडू तर तू आणि तुझ्या खोलीतली मुलगी आठवड्यात संपवाल. मग तू आणि ते शहर, दोघंच उराल. म्हणून आज जरा बस माझ्यापाशी. मला तुला वीस-पंचवीस शब्द द्यायचे आहेत. त्यांना वजन नाही, विमानतळावर कुणी ते काढून ठेवायला सांगणार नाही.

मी त्या शहरात गेले तेव्हा पहिले नऊ दिवस बाहेरचं शिजवलेलं काहीही खाल्लं नव्हतं. आईला हे अजून माहीत नाही. दुकानातून केळी, बिस्किटं आणि दही आणायचे, कारण तिथे तोंड उघडावं लागत नसे. टोपलीत घालायचं, पैसे द्यायचे, निघायचं. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर सकाळी सहापासून गाडे लागत. वाफेचे लोट, तेलाचा वास, बायका-माणसं ऑफिसला जाता जाता उभ्याउभ्या काहीतरी गरम घेत होती. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत असे. भूक होती, खिशात पैसे होते, दहा पावलांवर गरम अन्न होतं. मध्ये फक्त शब्द नव्हते. वर्गात आम्हाला ‘हे ग्रंथालय आहे’, ‘तो माझा शिक्षक आहे’ शिकवत होते. ग्रंथालय काही खाता येत नाही गं.

दहाव्या दिवशी मी रस्ता ओलांडला. एक पन्नाशीच्या आसपासच्या बाई होत्या, स्वेटरवर कोपरापर्यंत फुलाफुलांच्या कापडी बाह्या चढवलेल्या. समोर हा एवढा गोल तवा. पळीने पीठ ओतलं, लाकडाच्या आडव्या फळीने फिरवून एका वळशात कागदासारखं पसरवलं. त्यावर अंडं फोडलं, तेही त्याच फळीने पसरवलं. वर पातीचा कांदा भुरभुरवला. कड सुटली तशी अख्खी पोळी उचलून उलटी केली. मग ब्रशने गडद गोडसर सॉस, थोडी लाल मिरची, मध्ये तळलेली लांबट कुरकुरीत काठी, आणि घडी, घडी, झालं. मी थक्क होऊन बघत राहिले. कारण ते आपलं मुगाचं धिरडं होतं! खरोखर मुगाचंच. तिथे ते पीठ मूग भिजवून वाटून करायची रीत आहे. आजीच्या तव्यावरचं धिरडं, फक्त आजी चिनी.

माझ्या पुढचा माणूस म्हणाला, “लाय इ थाओ.” त्याला एक मिळालं. मी पुढे झाले आणि जसं ऐकलं तसं म्हटलं, “लाय इ थाओ.” मलाही एक मिळालं. बाईंनी वरसुद्धा पाहिलं नाही. त्यांच्या दृष्टीने मी रोजच्या गिऱ्हाइकांतली एक होते, आणि तेवढ्यानेच मला रडू आलं. हात भाजत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी खात होते.

तर हे पहिलं वाक्य. ‘लाय’ म्हणजे ये, पण गाड्यावर त्याचा अर्थ ‘येऊ दे’. आपण नाही का म्हणत, “एक मिसळ येऊ दे”? अगदी तसंच. ‘इ’ म्हणजे एक. ‘थाओ’ म्हणजे जोड, संच. इतर पदार्थ मोजायला वेगळे शब्द आहेत, पण तुझ्या शहरात हे धिरडं ‘थाओ’मध्येच मोजतात. त्याचं पूर्ण नाव ‘च्येनपिंग क्वोत्स’. त्या शहराचा या पदार्थावर एवढा जीव आहे की तिथल्या खाद्य व्यावसायिकांच्या संघटनेने 2018 मध्ये तो कसा करावा याची नियमावलीच काढली.

आता एक गोष्ट नीट ऐक, कारण ही तुला वर्गात कुणी सांगणार नाही. तू कुठे चालली आहेस? ‘तियानजिन’ म्हणालीस ना? तिथले लोक म्हणतात ‘थ्येनचिन’. आपण ‘तियानजिन’ का म्हणतो, तर रोमन अक्षरांतून वाचतो म्हणून. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची एक पद्धत तिथे 1958 पासून रूढ आहे, पुस्तकं सगळी त्यातच असतात. पण ती अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचलीस की फसशील. त्यांचा ‘बी’ म्हणजे आपला प. त्यांचा ‘पी’ म्हणजे फळातला फ, ओठ मिटून सोडलेला. त्यांचा ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. इंग्रजीत प आणि फ, त आणि थ हे वेगळे ध्वनी मानत नाहीत. तू ते बाराखडीबरोबर शिकली आहेस. तुझ्या तोंडात हे घर आधीपासून बांधलेलं आहे. पोट भरलं याला ते म्हणतात ‘पाओ’, आणि पळण्याला ‘फाओ’. सूर दोन्हींचा एकच, फरक फक्त प आणि फ चा. वर्गातल्या युरोपातल्या मुली यावर डोकं धरून बसायच्या. मला तो शब्द ऐकताक्षणी देवनागरीत दिसायचा.

आणखी एक ठेव आहे आपल्याकडे, ती तर हिंदीवाल्यांकडेही नाही. मराठीत च दोन आहेत. ‘चिमणी’तला वेगळा आणि ‘चोर’, ‘चूल’, ‘चांगला’ यांतला वेगळा. तो दुसरा, दातांमागचा च, त्या भाषेत पावलोपावली येतो. ‘पाओत्स’ म्हणजे सारण भरलेला वाफवलेला पाव, ‘क्वोत्स’ म्हणजे धिरड्यातली ती कुरकुरीत काठी. दोन्हींच्या शेवटी हाच चुलीतला च आहे, मी नुसता त्स लिहून दाखवते. तोच च थोडी हवा सोडून म्हटलास की ‘त्साय’, म्हणजे भाजी. म्हणून माझं ऐक, वही देवनागरीत कर. तास चालू असताना रोमन लिही, परीक्षा त्यातच असते. पण खाण्याचे शब्द देवनागरीत लिही आणि मोठ्याने वाच.

सुरांचं मात्र आपल्याला काही फुकट मिळालेलं नाही, ते कमवावं लागतं. चार सूर आहेत. पहिला वर धरलेला आणि सपाट, तंबोऱ्याची तार छेडून ठेवावी तसा. दुसरा खालून वर, फोनवर नीट ऐकू आलं नाही की आपण “अं?” करतो तसा. तिसरा खाली दबलेला, नाइलाजाने “बरंऽ” म्हणतो तसा. चौथा वरून खाली तुटणारा, आई “बस!” म्हणते तसा. हे नुसतं वाचून येत नाही. तुझ्या जिभेवर एक प्रसंग ठेवते म्हणजे लक्षात राहील.

धिरड्याच्या शेजारीच सोयाबीनचं गरम दूध मिळायचं, ‘तोउच्यांग’. ‘तोउ’ म्हणजे कडधान्याचा दाणा, त्याचंच ‘तोउफू’, ज्याला आपण टोफू म्हणतो. मी रोज एक पेला घ्यायचे. दूधवाली रोज विचारायची, “च्या थांग मा?” मला ‘थांग’ म्हणजे सूप एवढंच ठाऊक होतं. मला वाटे, सूपही घालू का असं विचारते आहे. दुधात सूप! मी घाईघाईने “पू याओ, पू याओ” म्हणायचे, म्हणजे नको, नको. दोन आठवडे मी ते फिकं, तुरटसर दूध प्याले. मग एकदा माझ्या शेजारच्या पोराने “याओ” म्हटलं आणि तिने त्याच्या पेल्यात चमचाभर साखर घातली. सूप म्हणजे पहिल्या, सपाट सुरातलं ‘थांग’. साखर म्हणजे दुसऱ्या, वर चढणाऱ्या सुरातलं ‘थांग’. त्या दिवसापासून हे दोन सूर मी आयुष्यात विसरले नाही. मीठ आणि सिगारेट यांचंही तसंच आहे. दोन्ही ‘येन’. चढतं ‘येन’ मीठ, सपाट ‘येन’ विडी-सिगारेट. तेव्हा सूर चुकेल, चुकू दे. प्रत्येक चुकलेला शब्द पुढे कायमचा तुझा होतो, कारण त्याला चव चिकटलेली असते.

हाक कशी मारायची ते सांगते, कारण यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. गाडा चालवणाऱ्या कुणालाही ‘लाओपान’ म्हणालीस की चालतं, म्हणजे मालक, शेठ. स्वयंपाक करणारा, रिक्षावाला, कुठलाही हाताने काम करणारा माणूस ‘षर्फू’, आपल्या ‘उस्ताद’सारखं, त्यात मान आहे. पण तुझ्या शहराची खास गोष्ट म्हणजे तिथे कुठल्याही बाईला ‘च्येच्ये’ म्हणतात. च्येच्ये म्हणजे ताई! वीस वर्षांची असो की साठीची, सगळ्या ताया. भाजीवालीने मला पहिल्यांदा च्येच्ये म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, ती माझ्या आईच्या वयाची होती. चीनच्या बाकी भागात हे असं नाही, पण तिथे तू निर्धास्त वापर. आणि जुन्या पुस्तकांत तरुण मुलीला हाक मारायला ‘श्याओच्ये’ शब्द सापडेल, तो मात्र वापरू नकोस. आता त्याला वाईट वास लागलाय. हे तुला कुणी सांगेलच असं नाही, म्हणून मी सांगते.

मग बोटांची भाषा. ‘चेय-क’ म्हणजे हे, ‘नेय-क’ म्हणजे ते. बोट दाखवून “चेय-क” म्हटलंस की अर्धं काम झालं. ‘नेय-क’ तुला दिवसभर सगळीकडे ऐकू येईल, कारण बोलताना शब्द सापडला नाही की ते लोक “नेय-क... नेय-क...” करत राहतात, आपण “ते हे... आपलं ते...” करतो तसं. दर वेळी ‘ते’ म्हणजे कुठलं ते शोधत बसू नकोस.

आकडे शिकलीस तरी चार आणि दहा हे दोन आकडे तुला छळतील. ‘स्स’ आणि ‘ष्र’ गर्दीत सारखेच वाटतात. म्हणून ते लोक हाताने दाखवतात, आणि एकाच हाताने दहापर्यंत. पाचपर्यंत आपल्यासारखंच. सहाला अंगठा आणि करंगळी बाहेर, बाकीची बोटं मिटलेली. सातला अंगठा आणि पुढच्या दोन बोटांची टोकं जुळवायची, मिठाची चिमूट घेतल्यासारखी. आठला अंगठा आणि तर्जनी उघडी. नऊला तर्जनी आकड्यासारखी वाकवलेली. दहाला मूठ, किंवा दोन बोटांची फुली. मला हे शिकताना आपल्याकडचा बैलबाजार आठवायचा. रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरतो ना, तसंच, फक्त रुमाल काढून. आठ आणि दोन यांत मात्र गल्लत करू नकोस. आपण दोन दाखवताना कधी कधी अंगठा आणि तर्जनी वर करतो. मी तशा दाखवल्या आणि माझ्या पुढ्यात आठ पाओत्स आले. मैत्रिणींना वाटले, दुसरं काय करणार. दोन वस्तू हव्या असतील तर तोंडाने ‘अर’ म्हणू नकोस, तो नुसता मोजणीतला दोन. वस्तू मागताना ‘लियांग-क’.

आता तुझी खरी काळजी. तू मांसमच्छी खात नाहीस, अंडं चालतं. काकूची झोप यावरून उडालीय. तर इथे मी जरा वेळ घेणार आहे.

‘रोउ’ म्हणजे मांस. आणि पुढे काही न लावता नुसतं रोउ म्हटलं की ते डुकराचं. बाकीच्यांना नाव लावतात, गाईचं ‘न्यूरोउ’, बकरीचं ‘यांगरोउ’, कोंबडीचं ‘चीरोउ’. तू म्हणशील “वो पू छ्र रोउ”, मी मांस खात नाही. बरोबर आहे वाक्य. मीही तेच म्हटलं होतं एका नूडलवाल्याला. त्याने मान डोलावली, वाडगा आणला, आणि नूडल्सवर बारीक खिम्याची पखरण. मी दाखवलं, तर तो मनापासून म्हणाला, हे काही रोउ नाही, हे तर जरासं वर घातलंय चवीला. त्याला फसवायचं नव्हतं. त्याच्या डोक्यात रोउ म्हणजे खायचा तुकडा. खिमा, हॅमची चकती, सुकट, हाडांच्या पाण्याचा रस्सा, चरबीत परतलेली भाजी, हे सगळं त्याच्या हिशेबात ‘चव’. आपल्याकडे नाही का, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी आपण काकडीचीच म्हणतो, शेंगदाण्याची म्हणत नाही? तसं. मी तो वाडगा तिथेच ठेवून उठले, आणि त्या माणसाचा चेहरा पडलेला मला अजून दिसतो.

म्हणून ‘मी मांस खात नाही’वर थांबू नकोस. “वो छ्र सू” म्हण. ‘सू’ म्हणजे साधं, सात्त्विक, देवळातलं अन्न. हा शब्द बौद्ध मठांच्या स्वयंपाकाशी जोडलेला असल्यामुळे त्याचं वजन वेगळं आहे. तो उच्चारला की समोरचा थांबून विचार करतो. गंमत म्हणजे कडक सूमध्ये कांदा, लसूण, पातीसुद्धा चालत नाही. सूच्या उलट शब्द ‘हुन’. आज त्याचा अर्थ सामिष, पण त्याच्या अक्षरावर गवताची खूण आहे, कारण मुळात तो उग्र वासाच्या भाज्यांसाठी होता. आजीच्या चातुर्मासाशी किती जवळचं आहे बघ! तेव्हा एखाद्या मावशी तुला विचारतील, “त्सोंग?” म्हणजे पात चालेल का. “याओ” म्हण, चालते म्हणून सांग, नाहीतर बेचव खावं लागेल.

आणि तरीही नावं घेऊन विचार. “मेय यो चूयो?” चरबी नाही ना? ‘चू’ डुक्कर, ‘यो’ तेल. “मेय यो ह्वोथ्वेय?” हॅम नाही ना? हे विचारताना लाजू नकोस. लाजून गप्प बसलीस तर एक तर उपाशी राहशील नाहीतर नंतर रडशील. तिथे हिरव्या पाटीवर ‘छिंगचन’ लिहिलेली दुकानं असतात, मुसलमान बांधवांची. तिथे मांस असतंच, पण डुकराचं आणि त्याची चरबी नसते, एवढी तरी खात्री. आणि तुझ्या सोबत कुणाला शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी असेल तर तोंडी शब्दांवर मुळीच विसंबू नका, चिनी अक्षरांत लिहून घेतलेला कागद खिशात हवाच.

सकाळी ‘कापात्साय’ मिळते, मुगाच्याच पातळ पोळीच्या पट्ट्या दाट रश्श्यात बुडवून वर तिळाची पेस्ट आणि कोथिंबीर. तिचा रस्सा बऱ्याच ठिकाणी सूच असतो, पण विचार. आणि दुपारी कधी रस्त्यावर शिट्टीचा आवाज आला तर थांब. लाकडाच्या छोट्या साच्यात तांदळाचं पीठ वाफवतात, वाफ सुटताना ती शिट्टी वाजते. वर गोड मुरंबा. ‘षूलीकाओ’. उकडीच्या मोदकाची आठवण काढून रडणार असशील तर तिथे जाऊन रड.

तिखटाचं सांगायचं तर ‘ला’ म्हणजे तिखट. “पू याओ ला” म्हणजे तिखट नको, “वेय ला” म्हणजे किंचित. तू कोल्हापूरची, तुला वाटेल मला कोण तिखट घालणार. ‘ला’ तुला जमेल. पण एक दुसरा शब्द आहे, ‘मा’. तो तिखट नाही. जीभ बधिर होते, ओठांवर मुंग्या येतात, नऊ व्होल्टची बॅटरी चाटल्यासारखं. सेचवानकडचे लोक या दोन्हींची जोडी घालतात, ‘माला’. मुंबईच्या शेजवानचा त्या चवीशी काहीच संबंध नाही, तो लाल सॉस आपला आपण शोधलाय. खऱ्या ‘मा’शी संबंध आहे तो मालवणच्या स्वयंपाकघराचा. ती चव येते ‘ह्वाच्याओ’ नावाच्या छोट्या उघड्या फळांनी, आणि ती फळं आपल्या तिरफळाची सख्खी चुलत भावंडं. एकाच कुळातली. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालतात ना, तोच वास, तीच जिभेवरची झिणझिण, फक्त दसपट. माझ्या खोलीत एक वेंगुर्ल्याची मुलगी होती. सेचवानी भाजीचा पहिला घास घेऊन ती गप्प झाली, मग म्हणाली, “आईच्या फडताळाचा वास.” पहिल्यांदा खाशील तेव्हा “इ त्येन त्येन” म्हण, जरासंच. नाहीतर तासभर चवच कळणार नाही.

कोथिंबिरीला ते ‘श्यांगत्साय’ म्हणतात, सुवासिक भाजी. तिथेही ती न आवडणारे पुष्कळ, म्हणून गाडेवाले विचारतात. तू “त्वो फांग” म्हण, जास्त घाला. मला हे वाक्य फार आवडायचं. नको नको म्हणून दिवस जातो गं परक्या गावात. एखादं ‘जास्त घाला’ही असावं.

पैशांचं झटपट सांगते. “त्वोशाओ छ्येन?” किती पैसे. उत्तरात युआन ऐकू येणार नाही, ‘ख्वाय’ ऐकू येईल. “पा ख्वाय” म्हणजे आठ. सगळं मोबाइलवर चालतं, गाड्याला क्यूआर कोड लटकवलेला असतो आणि पैसे जमा झाले की डबा बोलतो, अगदी आपल्या वडापाववाल्यासारखा. 2023 पासून विदेशातलं कार्ड अलीपे आणि वीचॅटला जोडणं सोपं झालंय, ते जाण्याआधी इथेच करून घे. “वो साओ नी” म्हणजे मी तुमचा कोड स्कॅन करते. थोड्या सुट्या नोटाही ठेव. बांधून हवं असेल तर “तापाओ”. आणि पोटभर झालं असताना कुणी वाढतच राहिलं तर “कोउ ल, कोउ ल”, पुरे पुरे.

चार अक्षरं ओळखायला शीक, लिहायची गरज नाही. सळईवर भाजलेल्या पदार्थांना ‘छ्वान’ म्हणतात, आणि ते अक्षर म्हणजे एकाखाली एक दोन चौकोन आणि त्यांतून आरपार एक उभी काडी. रात्री लाल दिव्यांनी चमकत असतं, लांबूनच कळतं. मांसाचं अक्षर म्हणजे खालून उघडी चौकट आणि आत दोन छोट्या माणसांसारख्या खुणा. ते दिसलं की थबक. सूचं आणि अंड्याचं अक्षर मी तुला वहीच्या पहिल्या पानावर मोठं काढून देते.

एक माणूस मला तिथे फार आठवायचा. आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. युद्धात, डोंगरांत, जखमींच्या गर्दीत ते ती भाषा शिकले, तिच्यात बोलू लागले, तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं ‘यिनह्वा’, त्यात ‘यिन’ भारताचा आणि ‘ह्वा’ चीनचा. 1942 मध्ये गेले, तेव्हा अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्यांची समाधी शिज्याझुआंगला आहे, तुझ्या शहराला लागून असलेल्या प्रांतात, रेल्वेने एका दिवसात जाऊन येशील. तिथले लोक त्यांना ‘ख तीह्वा’ म्हणतात. आपल्या ‘को’चा तिथे ‘ख’ झाला. तू कुठली, असं कुणी म्हाताऱ्या माणसाने विचारलं तर हे नाव घेऊन बघ. मी एकदा एका फळवाल्या आजोबांपाशी घेतलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला पिशवीभर बोरं दिली, पैसे घेतले नाहीत. कोटणीसांनाही पहिल्या दिवशी कुणाकडे तरी भाकरी मागावी लागली असेल ना? कुठल्या शब्दांत मागितली असेल, असा विचार मी पुष्कळदा केलाय.

शिकायचं कसं, तर एका दिवसाला एक शब्द. जास्त नको. सकाळी वहीत वाच, आणि दिवसभरात तो एकदा तरी खऱ्या माणसाला म्हण. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला आजारपणात आणि पोलिसांत वापर, धिरड्यासाठी नको. फोन पुढे केलास की समोरचा फोनकडे बघतो, तुझ्याकडे बघत नाही. कळलं नाही तर “थिंग पु तोंग” म्हण, ऐकलं पण समजलं नाही. यात कमीपणा नाही. बहुतेक जण तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने आणि हळू म्हणतात, तोच तुझा फुकटचा तास. आणि आवडलं की “हाओ छ्र”, छान आहे. हे तोंडात घास असतानाच म्हण, जास्त खरं वाटतं.

डिसेंबरात तिथे पारा शून्याच्या खाली जातो, नदी गोठते. अशा एका सकाळी मी तापाने दोन दिवस खोलीत पडून तिसऱ्या दिवशी त्या धिरडेवाल्या बाईंपाशी गेले. त्यांनी तव्यावरून मान वर केली आणि विचारलं, “छ्र ल मा?” जेवलीस का? तिथे हे नुसतं ‘कसं काय’ म्हणून विचारतात, जुन्या लोकांची सवय आहे. आपल्याकडे आळीतल्या मावश्या दारातून “जेवलीस का गं” विचारतात तसं. मला ते सगळं ठाऊक होतं. तरी मी खरंखुरं उत्तर दिलं, “मेय छ्र.” नाही जेवले. त्यांनी माझ्या थाओमध्ये दोन अंडी फोडली आणि पैसे एकाचेच घेतले.

हो, अंड्यावरून आठवलं. त्या शहरात लोक घरून आपली अंडी घेऊन गाड्यावर येतात. आपण दळण घेऊन गिरणीत जातो ना, तसं. तू पोचल्यावर आठवडाभराने, जरा रुळलीस की, दुकानातून अंडी आण. सकाळी दोन अंडी रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेव, फाटकाबाहेर डावीकडे वळ, फुलाफुलांच्या बाह्या चढवलेली कुणी दिसली की तिच्यापुढे ती धर आणि म्हण, “च्येच्ये, लाय इ थाओ.” म्हणून बघ आता. नाही, ‘थाओ’ तोडून म्हण, आई ‘बस!’ म्हणते तसं. परत एकदा.